काळं पडलेलं टोक

चि. सोनू,


तू पाठवलेला फोटो मोठा करकरून पाहिला. सोल्डरिंग आयर्नच्या बिटचं टोक कोळशासारखं काळं, सोल्डरची गोळी त्यावरून घरंगळून खाली पडलेली आणि स्टेशनवर तापमानाचा आकडा ४५०. खाली तुझा प्रश्न : ‘एवढं तापवूनही सोल्डर धरत नाही, अजून वाढवू का?’ वाढवू नकोस. आधी बटण बंद कर आणि मग हे पत्र वाच.

तुझ्या सोल्डरच्या रिळावर ६०/४० लिहिलंय, म्हणजे ६० भाग कथील आणि ४० भाग शिसं. हे मिश्रण १८३ अंशांना वितळू लागतं आणि १९० च्या आसपास पूर्ण पातळ होतं. मग ४५० ला का धरत नाही? उष्णता टोकाशी येऊन अडकलीय म्हणून. तो काळा थर म्हणजे हवेने खाल्लेलं लोखंड आणि त्यावर जळून बसलेली राळ. त्यातून उष्णता पुढे सरकत नाही आणि सोल्डर त्याला चिकटत नाही. स्टेशनवरचा आकडा तर आत बसवलेल्या सेन्सरचा असतो, टोकाची अवस्था त्याला कळत नाही. तू वाढवलंस म्हणून ते काळं पडलं, आणि काळं पडलं म्हणून तू आणखी वाढवलंस.

तुझ्या आईला कल्हईवाल्याबद्दल विचार. आमच्या लहानपणी तो अंगणात भट्टी लावायचा. पातेलं तापलं की आत नवसागर टाकायचा, पांढरा धूर उठायचा, मग कथलाची कांडी टेकवून कापसाच्या बोळ्याने एक हात फिरवला की काळंकुट्ट पातेलं आतून चांदीसारखं व्हायचं. आम्ही पोरं ते पाहायला शाळेला उशीर करायचो. सोल्डरिंग हेच आहे. नवसागराने तांबं स्वच्छ केलं म्हणून कथील पसरलं. तुझ्या सोल्डरच्या तारेच्या पोटात जी राळ भरलेली असते, ती हेच काम करते. फक्त ४५० ला ती पसरण्याआधीच जळून जाते. (नवसागर मात्र सर्किटला कधी लावू नकोस, तो मागे राहिला तर तांब्याच्या रेघा खातो.)

एक चूक मी केली, ती तू करू नयेस. मी शिकत होतो तेव्हा बिट नुसत्या तांब्याची असायची. कथील तांब्याला विरघळवतं, त्यामुळे टोकाला खळगा पडायचा आणि आम्ही रोज सकाळी कानस मारून ते पुन्हा नीट करायचो. पुढे पहिल्यांदा मुलामा दिलेली बिट हातात आली. दोन दिवसांत जरा काळी दिसली, म्हणून सवयीने कानस फिरवली. वरून छान तांबूस चमक आली आणि तीन आठवड्यांत टोक किडलेल्या दाढेसारखं आतून पोकळ झालं. आत तांबं, त्यावर लोखंडाचा पातळ थर, अशी तुझी बिट असते. तो थर हेच तिचं आयुष्य. तो खरवडला की संपलं. म्हणून कानस नाही, पॉलिशपेपर नाही, स्वयंपाकघरातली स्टीलची घासणीही नाही. पितळी तारेची घासणी घे, पितळ लोखंडापेक्षा मऊ असतं. पुण्यात तपकीर गल्लीत किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला सहज मिळेल. ओला स्पंज वापरायचाच असेल तर तो घट्ट पिळून घे. पाणी ठिबकणाऱ्या स्पंजवर प्रत्येक वेळी टोक एकदम गार पडतं आणि मुलाम्याला ते सोसत नाही.

आता आकडा. ६०/४० साठी ३२० वर लाव. फार तर ३४०. बिनशिशाचं सोल्डर २१७ च्या पुढे वितळतं, त्याला ३५० ते ३७०. टोक एकाच वेळी बोर्डावरच्या पॅडला आणि पार्टच्या पायाला टेकव, सेकंदभर थांब, सोल्डर दुसऱ्या बाजूने दे. दोन-तीन सेकंदांत ते पायाभोवती चढून बसलं पाहिजे. गोळी होऊन वर बसलं तर तो ड्राय सोल्डर. आज रेडिओ वाजेल, महिन्याने खरखरेल आणि तू ट्रान्झिस्टर बदलत बसशील.

ग्राउंडच्या मोठ्या पॅडवर हे जमणार नाही, तिथे तांब्याचा पसारा सगळी उष्णता ओढून घेतो. तिथेही हात आकड्याकडे जाऊ देऊ नकोस. बिट बदल. तुझ्याकडची सुईसारखी आहे, ती जेमतेम एका बिंदूला टेकते. छिन्नीसारखी, अडीच-तीन मिलिमीटर रुंदीची लाव. रुंद टोक अंगभर टेकतं आणि ३४० ला जे देतं ते सुई ४२० लाही देऊ शकत नाही. शिवाय जास्त तापलं की पॅड बोर्डावरून सुटून येतं. तो तुकडा परत सहजी चिकटवता येत नाही.

आणखी एक सवय, जी मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. आयर्न बंद करताना टोक पुसून ठेवू नकोस. उलट त्यावर भरपूर सोल्डर लाव आणि तसंच गार होऊ दे. लोणच्यावर तेलाचा थर असतो ना, तसा. हवा आत जात नाही. दुसऱ्या दिवशी पुसलंस की खाली टोक लखलखीत असतं. चहाला उठलीस तरी बंद करून ऊठ. काम झालं की साबणाने हात धू, शिसं पोटात जाऊ देऊ नये. राळेचा धूरही तोंडावर घेऊ नकोस, खिडकीशी बस.

ती काळी बिट फेकू नकोस. ३०० वर लाव, पितळी घासणीत दोन-चारदा खुपस, लगेच राळेत बुडव आणि सोल्डर दे. पुन्हा पूस, पुन्हा दे. घाई नको, दहा-पंधरा वेळा करावं लागेल. आधी कडेला मोहरीएवढा चंदेरी ठिपका दिसेल, मग तो पसरत जाईल. ठिपका दिसला की फोटो पाठव, कितीही रात्र झाली असली तरी.

तुझा,
मामा