गाणे खरे केव्हा होते?

सूर शुद्ध असतात, ताल चुकत नाही, तथापि ऐकणाऱ्याचे मन कोरडेच राहते. उलटपक्षी एखाद्या वृद्ध बाईचा आवाज फाटलेला असतो, आणि तिने पद आरंभिताच मंडळी स्तब्ध होते. असे का व्हावे? ती मनापासून गाते म्हणून, असे बहुतेक जण सांगतील. हे उत्तर खोटे नाही, पण अपुरे आहे. मनापासून गाणारे कित्येक जण बेसूर गातात. आणि श्रोत्यांच्या डोळ्यांत पाणी आणण्याची युक्ती साधलेले कित्येक जण मनापासून गात नाहीत.

या बाबतीत पंडित कुमार गंधर्व (१९२४–१९९२) यांचे चरित्र विचार करण्याजोगे आहे. बेळगावजवळील सुळेभावीचा हा मुलगा लहानपणी मोठमोठ्या गवयांच्या ध्वनिमुद्रिका ऐकून त्या हुबेहूब गाऊन दाखवी, व लोक थक्क होत. पुढे मुंबईस प्रो. देवधर यांजपाशी त्यांनी रीतसर विद्या घेतली. नंतर ऐन तारुण्यात क्षयाने गाठले. माळव्यातील देवास येथे कित्येक वर्षे गाणे बंद ठेवून अंथरुणास खिळून राहावे लागले. त्या काळात तेथील बायकांची गीते व फिरत्या भजनकऱ्यांची कबीराची निर्गुणी पदे त्यांच्या कानी पडत. पुन्हा गाऊ लागले तेव्हा एक फुफ्फुस निकामी झाले होते. दम पूर्वीचा नव्हता. जेवढा श्वास उरला तेवढ्यातच त्यांनी गाणे बसविले, आणि त्यांची कबीराची भजने घरोघरी पोचली.

यावरून दुःखानेच गाणे खरे होते, असा निष्कर्ष कोणी काढील. तो बरोबर नाही. दुःख सर्वांस होते; सर्वांचे गाणे हृदयास भिडत नाही. शिवाय कबीराची पदे काही कुमारांनी रचिली नव्हती. तीही परक्याचीच होती. भेद एवढाच की, बालपणी त्यांनी दुसऱ्याच्या गाण्याचे फळ उचलले. प्रौढपणी त्याचे बीज आपल्या भूमीत पेरिले.

कन्हानकाठचे आपले खापा हे पूर्वापार विणकरांचे गाव. परगावच्या लुगड्याचा काठ पाहून तसाच काठ विणणे यात लबाडी नाही. पण ताणा मात्र आपल्याच मागावर लावावा लागतो. कबीरही विणकरच होता.

आपल्या उपासनेतील गायनासही हाच नियम लागू आहे. रेव्ह. नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) यांनी ख्रिस्ती भक्तीस अभंगाचे व भजनाचे रूप दिले, म्हणून ती आपल्या लोकांच्या तोंडी बसली. परंतु चाल देशी असली म्हणजे गाणे आपोआप खरे होत नाही. अर्थाकडे लक्ष न देता झांजा कितीही जोराने वाजविल्या, तरी तो केवळ नाद होय.

म्हणून भजनी मंडळींनी तीन गोष्टी कराव्या. प्रथम पदाचा अर्थ समजून घ्यावा. मग सूर-ताल इतका घोटावा की गाताना त्याची चिंता राहू नये. कारण चुकण्याच्या भयात असलेल्या मनास अर्थाकडे पाहण्यास सवड नसते. आणि मोबाईलवर ऐकलेल्या नामांकित गायकाचा हुंदका उचलू नये. तो त्याचा आहे. आपला कंठ जेवढा आहे तेवढ्यातच गावे.

वाचकहो, ऐकणाऱ्यावरही काही भार आहे. जो केवळ गोड गळ्याची वाहवा करितो, तो गाणाऱ्यास वाहवेसाठीच गावयास शिकवितो.