विनाशस्त्र

अमेरिकेत बंदूक बाळगण्याच्या हक्काची बाजू मांडणारे लोक आपल्या राष्ट्रनिर्मात्यांच्या जोडीला एक परका साक्षीदारही उभा करतात. तो साक्षीदार म्हणजे महात्मा गांधी. एका अख्ख्या देशाला निःशस्त्र करणारा कायदा हे इंग्रजी राज्याचं सगळ्यांत काळं कृत्य ठरेल, असं त्यांनी लिहिलं होतं. विधान त्यांचंच आहे, आत्मकथेतही सापडतं. कापला जातो तो मागचापुढचा मजकूर.

तो मजकूर १९१८ चा, गुजरातेतल्या खेडा जिल्ह्यातला आहे. अहिंसेचा हा पुरस्कर्ता तेव्हा पहिल्या महायुद्धासाठी गावोगाव सैनिक भरती करत हिंडत होता आणि ते विधान भरतीच्या पत्रकातलं होतं. शस्त्रबंदीचा कायदा जायला हवा असेल, हत्यार चालवायला शिकायचं असेल, तर फौजेत जा, असा त्याचा रोख. याच जिल्ह्यात थोड्याच दिवसांपूर्वी साराबंदीच्या लढ्यासाठी लोकांनी फुकट बैलगाड्या दिल्या होत्या. आता भाड्यानेही गाडी मिळेना. गांधी आणि त्यांचे सोबती दिवसाला वीस-वीस मैल पायी चालले. अखेर आमांशाने गांधी इतके आजारी पडले की आपण मरणारच, असं त्यांना वाटू लागलं. आज ते विधान फलकावर रंगवणाऱ्यांना या रिकाम्या बैलगाड्यांची गोष्ट कुणीतरी सांगायला हवी.

पण गांधींची चीड खोटी नव्हती, एकट्याचीही नव्हती. १८७८ मध्ये लॉर्ड लिटनच्या कारकिर्दीत इंडियन आर्म्स ॲक्ट आला. देशी भाषांतल्या वृत्तपत्रांची मुस्कटदाबी करणारा कायदाही त्याच वर्षीचा. वृत्तपत्रांचा कायदा लॉर्ड रिपनने चार वर्षांत मागे घेतला, हत्यारांचा राहिला. परवान्याशिवाय बंदूक नाही, इतकंच त्यात असतं तर बोच कमी झाली असती. पण गोऱ्यांना परवाना लागत नव्हता. युरोपियन आणि अँग्लो-इंडियन माणूस बंदूक खांद्यावर टाकून खुशाल फिरे, आणि रानडुकरांनी शेत उद्ध्वस्त केलेला शेतकरी मात्र साहेबाच्या कचेरीत हात जोडून उभा राही. मेहेरबानी व्हायची ती जमीनदारावर, खिताबवाल्यावर. १८५७ चा धसका सरकारच्या मनातून गेला नव्हता. कायद्यानंतर वर्षाच्या आत पुण्याच्या आसपास वासुदेव बळवंत फडके रामोशांना हाताशी धरून उठले, तेव्हा आपली भीती खरीच होती असं सरकारला वाटलं असणार.

१८८७ च्या मद्रास काँग्रेसमध्ये हा कायदा चर्चेला आला. तरुण बिपिनचंद्र पाल यांनी तो रद्द करा म्हणून भाषण केलं. त्या काळातला युक्तिवाद वाचताना एक गोष्ट जाणवते. बंदुकीचं प्रेम त्यात जवळजवळ नाही. हे लोक वकील, संपादक, शिक्षक. त्यातल्या बहुतेकांनी आयुष्यात बार काढला नसेल. त्यांना सलत होतं ते वेगळंच. सरकार आमच्यावर विश्वास ठेवत नाही, गोऱ्यावर ठेवतं. बंदूक हे त्या अविश्वासाचं मोजमाप होतं. आगगाडीच्या पहिल्या वर्गातून हिंदी माणसाला उतरवलं जाई, तेव्हा भांडण गादीच्या मऊपणावरून नसे, तसंच हे.

ज्यांना बंदूक खरोखरच वापरायची होती, त्यांनी परवान्यासाठी अर्ज केला नाही. लंडनहून सावरकरांनी पाठवलेली वीस ब्राउनिंग पिस्तुलं चोरवाटेने मुंबईत उतरली, आणि २१ डिसेंबर १९०९ ला नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात अनंत कान्हेरेने कलेक्टर जॅक्सनवर गोळ्या झाडल्या. शस्त्रबंदी तेव्हा एकतीस वर्षांची होती. बंदीने पिस्तूल अडतं की नाही, हा आजच्या अमेरिकी वादातला प्रश्न नाशिकला तेव्हाच पडला असता. पण ज्याला कायदाच मान्य नाही त्याच्या उदाहरणावरून कायद्याची किंमत ठरवायची का, हा प्रश्नही त्याच्यामागोमाग येतोच.

पुढे ही मागणी हळूहळू हक्काची भाषा बोलू लागली. १९२८ च्या नेहरू अहवालात प्रत्येक नागरिकाला हत्यार बाळगण्याचा हक्क आहे, नियमांच्या अधीन राहून. १९३१ च्या कराची ठरावात तो मूलभूत हक्कांच्या यादीत आहे, पुन्हा नियमांच्या अधीनच. त्याआधी जानेवारी १९३० मध्ये गांधींनी व्हाइसरॉयपुढे अकरा मागण्या ठेवल्या. मिठावरचा कर आणि दारूबंदी यांच्या पंगतीत एक मागणी बंदुकीच्या परवान्यांची होती: स्वसंरक्षणासाठी परवाने द्या, त्यांवर नियंत्रण मात्र लोकांचं हवं. म्हणजे गांधींनासुद्धा परवानाच हवा होता. तो देणारा हात बदलायला हवा होता. फलकवाल्यांनी ही मागणी वाचली तर त्यांची पंचाईत होईल.

मग देणारा हात बदलला. डिसेंबर १९४८ मध्ये संविधान सभेत स्वातंत्र्याच्या हक्कांवर चर्चा चालू असताना हरि विष्णु कामत यांनी हत्यार बाळगण्याचा हक्क त्यात घाला, अशी दुरुस्ती मांडली. कामत हे आयसीएस सोडून सुभाषबाबूंबरोबर गेलेले गृहस्थ, मध्य प्रांत आणि वऱ्हाडातून सभेत आलेले. त्यांचा आधार सरळ होता, सत्तेवर आलेल्या पक्षाचाच कराची ठराव. उत्तर द्यायला उभे राहिले डॉ. आंबेडकर. वाटेल त्या माणसाने बाजारात जावं आणि वाटेल ती हत्यारं विनाअडथळा विकत घ्यावीत, अशा स्थितीत राज्य चालेल कसं, याची आपल्याला कल्पनाच करता येत नाही, असं त्यांनी सांगितलं. आणि मग सगळा प्रश्नच उलटा केला. आग्रह धरायचाच तर हत्यार धरण्याच्या हक्काचा नको, कर्तव्याचा धरा. देशाला गरज पडेल तेव्हा नागरिकाने शस्त्र उचलावं, ही त्याची जबाबदारी.

मला हा सगळ्या वादातला सर्वांत विचार करायला लावणारा क्षण वाटतो. वर्णव्यवस्थेने ज्या समाजाला शस्त्र धरायचा हक्क नाकारला होता, त्यातून आलेला, महार पलटणीच्या परंपरेचा अभिमान बाळगणारा, सुभेदाराचा मुलगा हे बोलत होता. निःशस्त्र असणं म्हणजे काय, हे त्या सभागृहात त्यांच्याइतकं कुणाला कळत असेल? गावगाड्यात बंदुका मोकळ्या झाल्या तर त्या आधी कुणाच्या हाती जातील, हेही त्यांना कळत असणार. हा अंदाज माझा, त्यांच्या भाषणातला नव्हे.

दुरुस्ती फेटाळली गेली आणि गंमत म्हणजे कुणी फारसा शोक केला नाही. चाळीस-पन्नास वर्षं ठरावांत राहिलेली मागणी जवळपास एका दिवसात ओसरली. संविधानातल्या मूलभूत हक्कांत हत्यारांचा उल्लेख आहे तो असा: नागरिकांना एकत्र जमण्याचा हक्क आहे, शांततेने आणि विनाशस्त्र. शिखांच्या कृपाणाला धर्मस्वातंत्र्याच्या कलमात जागा मिळाली.

अमेरिकेत हीच वाट उलट्या दिशेने चालली गेली. १७९१ ची दुसरी घटनादुरुस्ती एका वाक्याची आहे, आणि ते वाक्य सुरू होतं नागरी सेनेपासून. धडधाकट पुरुषाने आपली बंदूक घेऊन हजेरीला यावं, ही त्या काळातली सक्ती होती. आंबेडकर म्हणत होते त्याच्या जवळपासचं कर्तव्य. त्याचा खाजगी हक्क व्हायला दोनशे वर्षं लागली. १८७१ मध्ये स्थापन झालेली नॅशनल रायफल असोसिएशन आधी नेमबाजी सुधारायला निघालेली संस्था. तिने १९७७ मध्ये अंतर्गत बंडानंतर कडवं राजकीय रूप घेतलं. सर्वोच्च न्यायालयाने हा हक्क व्यक्तीचा आहे, असं स्पष्ट म्हटलं ते २००८ मध्ये, पाच विरुद्ध चार मतांनी.

तिथेही मूळ प्रश्न विश्वासाचाच होता. मार्च १८५७ मध्ये मंगल पांडे बराकपूरला बंदूक उचलत होता, त्याच महिन्यात वॉशिंग्टनमध्ये सरन्यायाधीश टॅनी काळ्या माणसाला नागरिक का मानता येणार नाही याची कारणं देत होते. एक कारण असं की नागरिक मानलं तर त्याला जिथे जाईल तिथे हत्यार बाळगता येईल! यादवी युद्धानंतर दक्षिणेतल्या राज्यांनी मुक्त झालेल्या गुलामांच्या बंदुका काढून घेणारे कायदे केले. १९६७ मध्ये ब्लॅक पँथर पक्षाची माणसं भरलेल्या बंदुका घेऊन कॅलिफोर्नियाच्या विधानभवनात शिरली, तेव्हा भरलेली बंदूक उघड घेऊन फिरण्यावर तातडीने बंदी आली. सही करणारे गव्हर्नर होते रोनाल्ड रेगन. बंदुकीचा हक्क अमर्याद आहे म्हणणाऱ्यांना मर्यादा कशी चटकन सुचते, हे पाहायचं तर बंदूक कुणाच्या हातात आहे ते पाहावं. आज तिथे माणसांपेक्षा बंदुका जास्त आहेत, दर शंभर माणसांमागे सुमारे एकशेवीस. शाळेतली मुलं गोळीबारात कसं लपायचं याच्या कवायती करतात. हे बघून आंबेडकरांचं म्हणणं मला पटतं, आणि तरी त्यात एक कुसळ राहतं.

ते कुसळ आपल्याकडच्या परवान्याचं. १९५९ च्या शस्त्र कायद्याने गोऱ्या कायद्याची जागा घेतली. त्यात एक सुंदर कलम आहे: पुरेशी मालमत्ता नाही एवढ्याच कारणावरून परवाना नाकारता येणार नाही. जमीनदार-खिताबवाल्यांच्या जमान्याला दिलेलं ते उत्तर. प्रत्यक्षात कमरेला पिस्तूल लावून फिरणारी माणसं आठवून बघा. त्यात भूमिहीन शेतमजूर किती? २०१९ मध्ये एका माणसाकडच्या बंदुकांची मर्यादा तीनवरून एकवर आणायचं सरकारने ठरवलं, तेव्हा वडिलोपार्जित हत्यारांचा हवाला देणाऱ्या खासदारांनी आवाज उठवला आणि मर्यादा दोनवर थांबली. लग्नातल्या गोळीबाराला त्याच दुरुस्तीत वेगळी शिक्षा आली. कूर्गच्या कोडवांना इंग्रजांनी एकोणिसाव्या शतकात दिलेली परवान्यातली सूट आजही चालू आहे. २०२१ मध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाने ती उचलून धरली. इंग्रजांनी ज्यांच्यावर विश्वास ठेवला, त्यांच्यावर आपणही ठेवतो. विनापरवाना कट्ट्यांचा हिशेब तर वेगळाच.

कोकणात शेतीसंरक्षणाचा परवाना अजून मिळतो. काजूच्या बागेत माकडं, भातात डुकरं, कुठे गवा. वन्यजीव कायद्यामुळे परवानगीशिवाय जनावर मारता येत नाही, म्हणून ठासणीच्या बंदुकीचा बार बहुतेकदा हवेत काढायचा, पळवून लावण्यापुरता. निवडणूक जाहीर झाली की परवानाधारकांची छाननी होते आणि नोटीस येते, बंदूक ठाण्यात जमा करा. लोकसभेची निवडणूक एप्रिल-मे मध्ये, ऐन काजूच्या हंगामात. मग फडक्यात गुंडाळलेली बंदूक घेऊन म्हातारा शेतकरी एसटीने तालुक्याला जातो, रांगेत उभा राहतो, पावती घडी करून खिशात ठेवतो. मतदान करतो. निकाल लागून बंदूक परत मिळेपर्यंत बागेत पत्र्याचा डबा वाजवत बसतो.