बियाण्याचा दुधी

पौषात परसातली कामे थोडी, पण नेमाची. पालापाचोळा नि शेण खड्ड्यात थरांनी रचावे, माघ सरता भेंडी-गवार लावायला वाफे मोकळे करावे. हे सोपे. अवघड एकच : वेलावरचा उत्तम दुधी न तोडता बियाण्यासाठी वाळू द्यावा.

गेल्या साली आम्ही तोच खाल्ला आणि बी धरले उरल्यासुरल्या वाकड्या फळाचे. पोचट निघाले, दहांतले तीनच रुजले. दोष कुणाला द्यावा? आपण आज जे खातो, त्याचे बी कुणीतरी जीभ आवरून राखले होते. मग पुढच्यांच्या वाट्याला उरलेलेच का?

सज्जनहो, यंदा त्या दुध्याला आम्ही सुतळी बांधली आहे. वाळला की निम्मे बी शेजारी द्यायचे.