दाब आणि आधार

संकटाने माणूस घडतो, हे वाक्य मी किती जणांना ऐकवले असेल! धाकट्या बहिणीचे यजमान गेले, तेव्हा तिलाही ऐकवले. पुढे एका दगडाची हकीकत वाचली, आणि ते वाक्य माझे मलाच बोचू लागले.

इटलीतल्या आल्प्समध्ये दोरा-माइरा नावाचा पर्वतभाग आहे. सुमारे ३.५ कोटी वर्षांपूर्वी युरोप आणि दक्षिणेकडून सरकत आलेला भूभाग यांच्या टकरीत तेथला खडक जवळजवळ १०० किलोमीटर खोल दडपला गेला. त्या दाबाने साध्या गारगोटीचे कोएसाइट नावाचे अधिक घट्ट खनिज झाले. मग खडक वर आला, दाब ओसरला, आणि बहुतेक कोएसाइटची पुन्हा गारगोटी झाली. उरले ते गार्नेट या खड्याच्या पोटात अडकलेले चिमुकले कण. १९८४ साली क्रिस्तियाँ शोपँ यांनी त्यांची ओळख पटविली, तेव्हा खंडांचा हलका खडकही इतका खोल जाऊन परत येऊ शकतो, हे कळले.

पण माझे मन खिळले ते त्या गार्नेटवर. आतला कण फुगून पूर्वस्थितीला जाऊ पाहत होता. त्याला आवरताना गार्नेटला चहूबाजूंनी तडे गेले आहेत.

दाबाने कण घडला खरा. टिकला तो कुणीतरी धरून ठेवल्यामुळे. बहीण सावरली, त्याचे श्रेय मी संकटाला देत आलो. तिला पोटाशी धरणाऱ्या आईला गेलेले तडे मला दिसलेच नाहीत.

यंदा भाऊबीजेला बहिणीकडे जाईन, तेव्हा ते वाक्य घरीच ठेवून जाणार आहे.