उतरायला घर



रविवारच्या मिस्सानंतर सॅक्रिस्टीच्या दाराशी हल्ली एक दृश्य वरचेवर पाहायला मिळते. नवे जाकीट हातावर घेतलेला एखादा मुलगा किंवा नुकतीच नर्सिंग झालेली मुलगी, सोबत आई-वडील, हातात पासपोर्ट. "फादर, बुधवारी रात्रीची फ्लाईट आहे, आशीर्वाद द्या." आम्ही डोक्यावर हात ठेवतो, प्रार्थना म्हणतो, रोझरी देतो. कुठे निघालास म्हणून विचारले की बहुतेक वेळा उत्तर येते, कॅनडा. टोरॉन्टो, ब्रॅम्प्टन, मिसिसागा ही नावे आता वसईतल्या आजीबाईंच्याही तोंडी बसली आहेत.

मग आम्ही दुसरा प्रश्न विचारतो, "कोणाकडे उतरणार?" इथे मात्र उत्तर लगेच येत नाही. मुलगा आईकडे पाहतो, आई वडिलांकडे पाहते. शेवटी कोणीतरी म्हणते, "एजंटने बघितलंय काहीतरी."

बॅगेत सुक्या बोंबलाचे पुडके असते, मसाल्याची बाटली असते, दोन प्रेशर कुकर असतात. उतरायला घर नसते.

प्रेषितांची कृत्ये या पुस्तकाच्या अठराव्या अध्यायाची पहिली तीन वचने याच प्रश्नाविषयी आहेत. आपण ती घाईने वाचतो, कारण पुढे पौलाचे प्रवचन आहे, वाद आहेत, न्यायसभा आहे. संत पौल अथेन्सहून करिंथला येतो. अथेन्समध्ये लोकांनी त्याची थट्टा केलेली. करिंथ हे अनोळखी शहर. ज्युलियस सीझरने इ.स.पूर्व ४४ च्या सुमारास ते पुन्हा वसवलेले, दोन बाजूंना दोन बंदरे, म्हणजे सगळीकडून आलेल्यांचे गाव. तिथे पौलाला अक्विला व त्याची पत्नी प्रिस्किल्ला भेटतात. अक्विला मूळचा पंत प्रांतातला, तिथून इटलीत गेलेला, आणि क्लौद्य कैसराने यहुद्यांना रोममधून बाहेर काढल्यामुळे नुकताच करिंथला आलेला. हा हुकूम इ.स. ४९ च्या सुमाराचा असे अभ्यासक मानतात. म्हणजे घर देणाऱ्याचे स्वतःचेच घर दोनदा सुटलेले होते! आणि धंदा एकच, तंबू करण्याचा. म्हणून पौल त्यांच्याकडे राहिला व त्यांच्याबरोबर काम करू लागला. शब्बाथाच्या दिवशी सभास्थानात बोलणे, ही गोष्ट चौथ्या वचनात येते. आधी घर, मग काम, मग प्रवचन. लूकने तो क्रम तसाच ठेवला आहे.

हा पौल कोण? गमलिएलच्या पायाशी शिकलेला शास्त्री, रोमी नागरिक. आणि करिंथमध्ये तो सुई-दाभण घेऊन बसला होता. तिथे त्याने दीड वर्ष काढले.

आपल्या मुलांविषयी बोलताना आम्हाला ही आठवण मुद्दाम करून द्यावीशी वाटते. दहा वर्षे अतिदक्षता विभागात काम केलेली नर्स टोरॉन्टोला उतरली की ती दुसऱ्या दिवशी नर्स नसते. ऑन्टारिओ प्रांताच्या नर्सिंग कॉलेजकडे (हे शिकवणारे कॉलेज नव्हे, नोंदणी करणारी संस्था आहे) तिला कागदपत्रे पाठवावी लागतात, इथल्या संस्थांकडून दाखले मागवावे लागतात, परीक्षा द्यावी लागते. तोवर ती वृद्धाश्रमात पर्सनल सपोर्ट वर्कर म्हणून म्हाताऱ्यांना आंघोळ घालते, जेवण भरवते. इंजिनिअर गोदामात खोकी उचलतो. अकाउंटंट रात्री कॉफीच्या दुकानात उभा असतो. मुलाखतीला गेले की विचारतात, "कॅनडातला अनुभव आहे का?" काम नाही म्हणून अनुभव नाही, अनुभव नाही म्हणून काम नाही. या अन्यायाची जाणीव तेथील सरकारलाही झाली असावी. १ जानेवारी २०२६ पासून ऑन्टारिओमध्ये पंचवीस किंवा अधिक कामगार असलेल्या मालकांना नोकरीच्या जाहिरातीत अशी अट घालता येत नाही. कायदा झाला, पण मुलाखत घेणाऱ्याच्या मनातली अट जायला वेळ लागेल.

इकडे आपण काय करतो? "आमचा मुलगा तिकडे मोठ्या कंपनीत आहे," असे लग्नमंडपात सांगतो. मुलगा ते ऐकतो आणि गप्प राहतो. मग फोनवरही तो खरे बोलत नाही. व्हिडिओ कॉल लावताना पाठीमागची भिंत नीट निवडतो. एका आईने आम्हाला सांगितले, तिचा मुलगा पाच महिने सहा मुलांबरोबर एका बेसमेंटमध्ये राहत होता, जमिनीवर गादी टाकून, दोघे दिवसाचे काम करणारे, दोघे रात्रीचे, म्हणून गाद्या कमी लागत. तिला हे कळले ते त्याच्या मित्राच्या आईकडून. "फादर, मी रोज विचारायचे, जेवलास का? कुठे झोपलास हे विचारलंच नाही." ती रडत होती ती मुलाच्या हालांसाठी नव्हे, तर आपल्याला खोटे सांगावे लागले यासाठी.

बेसमेंट म्हणजे तळघर. त्यात वाईट काही नाही. हजारो कुटुंबांनी तिथूनच सुरुवात केली आहे. पण तळघर राहण्यासारखे आहे का, धूर झाला तर सूचना देणारे यंत्र आहे का, बाहेर पडायला वाट आहे का, हे आधी पाहायला हवे. नवख्याला पाहायला वेळच नसतो. घरमालक नोकरीचे पत्र मागतो, बँकेचा क्रेडिट इतिहास मागतो. काल उतरलेल्या माणसाचा इतिहास कुठून असणार? मग कोणी सहा महिन्यांचे भाडे आगाऊ मागतो. ऑन्टारिओच्या भाडे कायद्यानुसार मालक शेवटच्या एका महिन्याचे भाडे आगाऊ ठेवून घेऊ शकतो, त्याहून अधिक अनामत मागू शकत नाही. मोडतोडीपोटी वेगळे डिपॉझिट घेता येत नाही. एप्रिल २०१८ च्या अखेरीपासून बहुतेक घरांसाठी ठरावीक नमुन्याचा करारही सक्तीचा आहे. मात्र मालकाच्या कुटुंबाबरोबर स्वयंपाकघर किंवा बाथरूम सामायिक वापरावे लागत असेल तर हे संरक्षण मिळत नाही, आणि आपली मुले नेमकी अशाच खोल्यांत उतरतात. घर न पाहता, फोटोवर भाळून, इथूनच पैसे पाठवणे तर सरळ फसवणुकीला आमंत्रण आहे. हे सगळे पालकांनीही वाचून ठेवावे. व्हिसाचे फॉर्म आपण रात्र रात्र जागून भरतो, घराच्या कराराचा कागद मात्र कोणी वाचत नाही.

विद्यार्थी म्हणून जाणाऱ्यांचा मार्ग तर आता फारच अरुंद झाला आहे. जगण्याच्या खर्चासाठी पूर्वी दहा हजार डॉलर दाखवावे लागत. २०२४ च्या जानेवारीत ही रक्कम २०,६३५ झाली आणि सप्टेंबर २०२५ पासून २२,८९५. कॉलेजची फी वेगळी. त्याच २०२४ साली कॅनडाने विद्यार्थ्यांच्या परवान्यांवर मर्यादा घातली, आणि कॉलेज चालू असताना बाहेर आठवड्याला चोवीस तासच काम करता येईल असे ठरवले. चोवीस तासांच्या मजुरीत भाडे, जेवण आणि इथले कर्ज हे तिन्ही बसत नाही. मग रोखीतले काम, कमी मजुरी, आणि तक्रार केली तर व्हिसा जाईल ही भीती. एजंट हे सांगत नाही. वाडीतला तुकडा विकून किंवा गहाण टाकून ज्यांनी मुले पाठवली आहेत त्यांना दोष देण्याचा आमचा हेतू नाही, तो निर्णय किती रात्रींनंतर झाला असेल हे आम्ही जाणतो. पण तिकडे गेलेल्या मुलाला दुसऱ्या महिन्यापासून हप्त्याविषयी विचारू नका. त्याला श्वास घेऊ द्या. आणि तो परत येतो म्हणाला तर गावात तोंड कसे दाखवायचे, हा विचार निदान त्याच्यासमोर बोलून दाखवू नका.

अक्विला आणि प्रिस्किल्ला यांनी पौलाला काय दिले? छप्पर दिले, हे खरेच. पण त्याहून मोठी गोष्ट म्हणजे धंद्यात सोबत दिली. कातडे कुठे मिळते, कोणता व्यापारी पैसे बुडवतो, भाव काय सांगायचा, हे शहरात आधी आलेल्यालाच ठाऊक असते. तिकडे आपली जी कुटुंबे आधीपासून स्थिरावली आहेत त्यांच्याकडे हेच ज्ञान आहे. नर्सने नर्सला सांगावे की परीक्षेचा अभ्यास कसा केला. बर्फात कोणते बूट चालतात, बस कशी पकडायची, नऊ आकडी सोशल इन्शुरन्स नंबर काढायला पैसे लागत नाहीत आणि तो कोणालाही सांगत सुटायचा नसतो, अशा साध्या गोष्टी. पंधरा दिवस एक खोली आणि रविवारी मिस्साला बरोबर घेऊन जाणे, एवढ्याने एखाद्याचे पहिले वर्ष बदलते. पुढे या दाम्पत्याच्या घरी ख्रिस्तसभा जमू लागली, असे पौल आपल्या पत्रांत लिहितो. आधी त्या घरात पाहुणा उतरला होता.

हे झाले तिकडचे. आता थोडे इकडचे, आणि ते थोडे बोचणारे आहे.

घरे आशीर्वादित करायला आम्ही निघतो तेव्हा तुम्ही पुढच्या दाराने आम्हाला आत घेता, सरबत देता. मागे भाड्याच्या चार खोल्या असतात. आम्ही तिकडे वळलो की कोणीतरी हळूच म्हणते, "त्या नकोत फादर, ते भाडेकरू आहेत." पत्र्याची छते, चार खोल्यांत मिळून एक संडास, पाणी सकाळी अर्धा तास. उत्तर प्रदेशचा सुतार, बिहारचा पोरगा जो गाळ्यात मशीनवर काम करतो, झारखंडचे एक जोडपे. त्या जोडप्याला आम्ही ओळखतो. ते कॅथोलिक आहेत. रविवारी शेवटच्या बाकावर बसतात, मराठी गीते त्यांना येत नाहीत, मिस्सा संपण्याआधीच निघून जातात. कोणी त्यांना विचारले आहे का, कुठून आलात, कोणाकडे उतरलात?

आपण त्या सर्वांना एकाच शब्दाने हाक मारतो. तो शब्द इथे लिहायची गरज नाही. आपल्या मुलाला ब्रॅम्प्टनमध्ये कोणी त्याच्या रंगावरून अशी हाक मारली तर आपल्याला रात्रभर झोप येणार नाही.

२०२० च्या टाळेबंदीत हीच माणसे अहमदाबाद महामार्गाने पोरेबाळे खांद्यावर घेऊन चालत गेली. तेव्हा अनेकांनी त्यांना जेवण दिले, हे आम्ही विसरलेलो नाही. काही घरमालकांनी दोन-दोन महिन्यांचे भाडे सोडले. आणि काहींनी पहिल्याच महिन्यात दाराला कुलूप लावले, हेही घडले.

जुन्या करारातील अनुवाद या पुस्तकाच्या चोविसाव्या अध्यायात एक छोटासा नियम आहे. कोणाला उसने दिले असेल तर तारण घ्यायला त्याच्या घरात शिरू नये, बाहेर उभे राहावे, त्यानेच ते बाहेर आणून द्यावे. गरिबाच्या उंबरठ्यालाही मान आहे, एवढेच त्यात सांगितले आहे. आपण भाड्याच्या खोलीचे दार न ठोठावता उघडतो. लेवीय पुस्तकाच्या एकोणिसाव्या अध्यायात परक्याला आपल्यातलाच मानण्याची आज्ञा आहे, आणि त्याचे कारण देव सांगतो ते इजिप्तचे. तुम्हीही कधी तिथे परके होता. आपल्याला इजिप्तपर्यंत जायला नको. आपले परकेपण रोज रात्री फोनवर बोलते.

पोप बेनेडिक्ट पंधरावे यांच्या काळात, १९१४ पासून, ख्रिस्तसभा स्थलांतरितांसाठी एक खास दिवस पाळते. आपल्याकडे त्या दिवशी विश्वासूजनांच्या प्रार्थनेत आपण परदेशी गेलेल्या मुलांची आठवण करतो. मागच्या खोल्यांत राहणाऱ्यांसाठी त्या यादीत आजवर एकही प्रार्थना नव्हती. ती आम्ही लिहायला हवी होती, चूक आमची.

म्हणून धर्मग्राम कार्यालयात एक वही ठेवली आहे. तिच्या पुढच्या पानांवर, ज्यांची मुले वा नातेवाईक परदेशात स्थिर झाले आहेत त्यांनी शहराचे नाव, ते करीत असलेले काम आणि नव्याने येणाऱ्याला पंधरा दिवस घरी उतरवून घेतील का, एवढे लिहावे. आधी त्यांना विचारून मगच लिहावे, ही विनंती. फोन नंबर कार्यालयातच राहतील. जे निघणार आहेत त्यांनी तिकीट काढल्यावर नव्हे, काढण्यापूर्वी येऊन भेटावे.

वही उलटी केली की मागची पाने आहेत. तिथे आपल्याच गावातल्या भाड्याच्या खोल्यांची नोंद करायची आहे: कोण राहते, गाव कोणते, मुले शाळेत जातात का, पाणी आणि संडासाची सोय काय. मालकांनी स्वतःच्या हाताने लिहावे. झारखंडच्या त्या जोडप्यासारखी आणखी कुटुंबे असल्यास महिन्यातून एक मिस्सा हिंदीत ठेवायचा विचार आहे, त्यासाठीही आकडा लागेल. हा मजकूर लिहीपर्यंत पुढच्या पानांवर चौदा नोंदी झाल्या आहेत, मागच्या पानांवर एक.

पेन दोरीला बांधले आहे. कृपया घरी नेऊ नये.