बोधिवृक्षाला दोरा नको, पाणी घाला

उपासक-उपासिकांनो,

लुंबिनीवनात शालवृक्षाखाली तथागतांचा जन्म झाला. उरुवेलेला पिंपळाखाली त्यांना संबोधी प्राप्त झाली आणि कुसिनारा येथे जोड शालवृक्षांमध्ये त्यांचे महापरिनिर्वाण झाले. म्हणून विहाराच्या अंगणात पिंपळ असावाच. परंतु काही ठिकाणी आपलेच लोक त्या पिंपळाला दोरे गुंडाळतात, नवस बोलतात. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला परमपूज्य बाबासाहेबांनी २२ प्रतिज्ञा देऊन ज्या खोड्यातून आपल्याला सोडविले, त्यातच पुन्हा पाय अडकवायचा काय?

मग झाडाची पर्वा सोडावी काय? मुळीच नाही. अंधश्रद्धा सोडणे म्हणजे कृतज्ञता सोडणे नव्हे. संबोधीनंतर तथागत बोधिवृक्षाकडे अनिमिष नेत्रांनी पाहत राहिले, असे परंपरा सांगते. त्यांनी वृक्षाकडे काही मागितले नाही.

विनय पाहा. पावसाळ्यात हिंडणारे भिक्खू हिरवे गवत आणि बारीक जीव तुडवितात, अशी लोकांनी तक्रार केली. त्यातून वर्षावासाचा नियम आला. झाडेझुडपे तोडणाऱ्या भिक्खूला पाचित्तिय दोष लागतो. सम्राट अशोकाने वाटसरूंसाठी आणि जनावरांसाठी रस्त्याकडेला वड लावले, आमराया उठविल्या, विनाकारण वणवे लावू नयेत अशी आज्ञा स्तंभावर कोरली. ही पूजा नव्हे, ही मैत्री होय.

उंबर फोडला की आत किडे दिसतात. तसाच इवलासा कीटक पिंपळाच्या फळात शिरून आतल्या फुलांचे परागीभवन करतो. वड, पिंपळ, उंबर, प्रत्येकाचा कीटक निराळा. कीटक नाही तर बी नाही. झाड नाही तर कीटक नाही. ते फळ बुलबुल, मैना, हरियाल खातात आणि बी दूरवर नेऊन टाकतात. प्रतीत्यसमुत्पाद तो हाच! गुलमोहर मादागास्करचा, निलगिरी ऑस्ट्रेलियाची. गुलमोहर सावली देईल, निलगिरी लाकूड देईल. पण इथल्या पाखरा-कीटकांशी पिंपळ-उंबराचे हजारो वर्षांचे जे नाते आहे, ते त्यांना कोठून येणार?

म्हणून येत्या आषाढ पौर्णिमेला, वर्षावासाच्या आरंभी, आपल्या मातीतली झाडे लावा. करंज, पळस, कडुनिंब, उंबर लावा. पिंपळ भिंतीपासून व विहिरीपासून दूर लावा, कारण त्याची मुळे बांधकाम फोडतात. हार घालून, फोटो काढून घरी जाऊ नका. रोपाची खरी परीक्षा चैत्र-वैशाखात होते. वस्तीतील एकेका कुटुंबाने एकेक रोप वाटून घ्यावे आणि निदान दोन उन्हाळे त्याला पाणी घालावे. ज्यांना एके काळी गावाच्या पाणवठ्याला हात लावू दिला जात नव्हता, त्यांच्या हातचे पाणी पिऊन वाढलेले झाड उद्या साऱ्या गावाला सावली देईल. याहून मोठे दान कोणते?

नमो बुद्धाय! जय भीम!