लक्ष्मीबाईंची पाच वर्षं

पारोळ्याचा किल्ला 1727 साली हरी सदाशिव दामोदर यांनी बांधला. किल्ला भुईकोट आहे, पण खंदक आणि तटबंदी पाहिली की त्याचा जुना दरारा आजही जाणवतो. सत्तावन्नच्या उठावानंतर इंग्रजांनी झाशीच्या घराण्याशी नातं असलेल्या इथल्या मालकांवर बेइमानीचा ठपका ठेवला, जहागीर काढून घेतली आणि किल्ल्याची मोडतोड केली. त्याच धामधुमीत तिकडे त्र्यंबकेश्वरला एका ब्राह्मण गृहस्थांना फाशी झाली. ‘स्मृतिचित्रे’ हे आत्मचरित्र लिहिणाऱ्या लक्ष्मीबाई टिळक या त्यांच्या नात. सासऱ्यांच्या त्या फाशीचा लक्ष्मीबाईंच्या वडिलांनी असा धसका घेतला की त्यांना सोवळ्याचं वेडच लागलं. बाजारातून आणलेलं मीठसुद्धा त्या घरात धुऊन घेत. सत्तावन्नपायी एका घरात दगडी तट पडला आणि दुसऱ्या घरात सोवळ्याचा तट उभा राहिला.

तो तट लक्ष्मीबाईंनी पुढे आपल्या हातांनी उतरवला. त्याला किती वर्षं लागली, याबद्दल मला बोलायचं आहे. मी ख्रिस्ती नाही. बालाजीच्या रथामागे धावत पारोळ्यात वाढलेला माणूस आहे. पण धर्मात वरवरचं काय आणि टिकाऊ काय, हा प्रश्न मराठीत कुणी सर्वांत प्रामाणिकपणे सोडवला असं मला कुणी विचारलं, तर मी एका ख्रिस्ती बाईचं नाव सांगतो.

लक्ष्मीबाईंचे पती, कवी नारायण वामन टिळक यांनी 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. राजनांदगावच्या प्रवासात रेल्वेच्या डब्यात एका गोऱ्या सहप्रवाशानं त्यांना नवा करार दिला होता आणि डोंगरावरच्या प्रवचनानं त्यांची झोप उडवली होती. टिळकांच्या मनात दोनेक वर्षं घालमेल चालू होती. घरच्यांना मात्र बातमी एका दिवसात कळली. लक्ष्मीबाईंच्या पदरी लहान मूल होतं, आणि नवरा जिवंत असून त्या नवऱ्यावाचून झाल्या. नाशिक, पंढरपूर अशी नातेवाइकांच्या आधारानं त्यांनी काही वर्षं काढली. अखेर त्या नगरला टिळकांकडे आल्या, तेव्हाही त्यांची चूल वेगळी, पाणी वेगळं, सोवळं शाबूत.

टिळकांनी त्यांच्यावर बळजबरी केली नाही. त्या काळच्या नवऱ्याला ती करता आली असती, आणि ‘बायकोही आली’ असं मिशनला कळवून शाबासकीही मिळवता आली असती. त्यांनी वाट पाहिली. पुढे राहुरीला असताना लक्ष्मीबाईंच्या मनात प्रकाश पडला की जातपात देवानं केलेली नव्हे, ती माणसाची करणी आहे. त्यांनी सोवळं सोडलं ते तेव्हा. कुणी सांगितलं म्हणून नाही आणि प्रार्थनामंदिरात बसायला जागा मिळावी म्हणूनही नाही. 1900 साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

पाच वर्षं! आजच्या भाषेत सांगायचं तर फारच ‘स्लो’. मला वाटतं, मराठी ख्रिस्ती धर्माच्या इतिहासात या पाच वर्षांइतका विश्वासार्ह पुरावा दुसरा नाही. नवऱ्याचा धर्म बायकोनं उचलायचा हे सोपं होतं. तेवढ्यानं संसार जुळला असता, टोमणे थांबले असते. लक्ष्मीबाईंनी मनाला न पटलेलं अंगावर चढवलं नाही, आणि पटल्यावर लपवलंही नाही. ‘स्मृतिचित्रे’मध्ये हे सगळं त्या स्वतःवर हसत सांगतात. आपल्या श्रद्धेची जाहिरात करणाऱ्याला असं हसता येत नाही.

ख्रिस्ती शास्त्रात हा विषय जुनाच आहे. माणूस तोंडावळा बघतो आणि देव काळीज बघतो, हे शमुवेलाच्या पुस्तकात दाविदाच्या निवडीच्या वेळी येतं. सभेत सोन्याची अंगठी घालून आलेल्याला पुढे बसवणाऱ्या आणि फाटक्या कपड्यांतल्याला पायाशी बसवणाऱ्या मंडळीला याकोब आपल्या पत्रात फैलावर घेतो. आपल्याकडे चोखोबांनी आणि तुकोबांनी हीच तक्रार आपापल्या भाषेत केली. टिळक स्वतः सांगत की आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्तापर्यंत पोचलो. त्यामुळे मराठी ख्रिस्ती माणसाला ‘वेषाला भुलू नका’ हा धडा परदेशातून आणावा लागला नाही.

पण वरवरचं कोणतं, हे ठरवणार कोण? इथे गोष्ट अवघड होते. पंडिता रमाबाईंनी 29 सप्टेंबर 1883 रोजी इंग्लंडमधल्या वाँटेज इथे बाप्तिस्मा घेतला. त्या तिथल्या मठात राहिल्या, पण शाकाहार त्यांनी सोडला नाही. मठातल्या सिस्टर जेराल्डिन यांना ते जातीच्या अभिमानाचं शेपूट वाटे. क्रूसावरच्या लॅटिन अक्षरांवरूनही वाद झाला. लॅटिन मला कळत नाही, माझ्या लोकांनाही कळत नाही, मग संस्कृत का नको, असा रमाबाईंचा सवाल होता. सिस्टरला रमाबाईंचं जेवणाचं ताट हा बाह्य देखावा वाटत होता, रमाबाईंना सिस्टरची लॅटिन. माझ्या मते रमाबाईंचं बरोबर होतं, कारण त्या दुसऱ्या कुणाला मांस सोडायला सांगत नव्हत्या. आपली सवय ही दुसऱ्याच्या तारणाची अट केली की ती देखावा होते.

याच रमाबाईंनी पुढे केडगावला दुष्काळातल्या शेकडो मुली आणून सांभाळल्या. हिब्रू आणि ग्रीक शिकून सबंध बायबल साध्या मराठीत आणलं. त्यांच्या मुक्ती मिशनच्या छापखान्यात बायका खिळे जुळवीत. 1922 च्या एप्रिलमध्ये रमाबाई वारल्या आणि 1924 मध्ये ते बायबल प्रसिद्ध झालं. वाँटेजच्या ताटावरून त्यांना जोखणाऱ्यांना हे पुढचं काम दिसणार कुठून?

टिळकांच्या वेषाबद्दल मात्र मला थोडी शंका आहे. 1917 साली त्यांनी संन्यास घेतला, भगवी वस्त्रं घातली आणि साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ सुरू केला. बाप्तिस्मा घेतलेल्यांना आणि न घेतलेल्यांनाही त्यात जागा होती. साहेबी कोटापेक्षा भगवं बरं हे मान्य. पण भगवंही वस्त्रच. आपल्या देशात तर भगव्याला कोटापेक्षा लवकर नमस्कार मिळतो. टिळकांच्या बाजूनं एवढंच म्हणेन की भगवं घालताना त्यांनी अमेरिकन मराठी मिशनची नोकरी सोडली. दोन वर्षांत, 9 मे 1919 रोजी, ते गेले. दरबार त्यांच्यामागे फार चालला नाही. त्यांची भजनं मात्र मराठी देवळांत म्हणजे चर्चमध्ये अजून गातात, आणि त्यांनी सुरू केलेलं ‘ख्रिस्तायन’ हे काव्य लक्ष्मीबाईंनी पुरं केलं.

आमच्या खानदेशाचाही या घराशी धागा आहे. धरणगावचा त्र्यंबक बापूजी ठोमरे 1907 च्या जळगावच्या कविसंमेलनात ‘बालकवी’ झाला. तिथे अध्यक्ष होते डॉ. कीर्तिकर. टिळकही त्या संमेलनात होते. त्यांनी या मुलाला हेरलं, आणि पुढे तो नगरला टिळकांच्या घरी राहिला. लक्ष्मीबाईंनी त्याला पोटच्या पोरासारखं सांभाळलं, त्याच्या लहरीही झेलल्या. एका पाद्र्याच्या घरात ब्राह्मणाचा मुलगा राहतो आणि त्याला कुणी बाप्तिस्म्याच्या हौदाकडे ओढत नाही, हे त्या काळी किती विरळ असेल! बालकवी हिंदूच राहिले. 5 मे 1918 रोजी भादली स्टेशनजवळ गाडीखाली सापडून गेले, तेव्हा ते अठ्ठावीस वर्षांचेही नव्हते. मिशनच्या आकडेवारीत लक्ष्मीबाईंची ही माया कुठेच मोजली गेली नसणार.

आकडेवारीवरून आठवलं. बाह्यरूपाची सर्वांत मोठी हौस आज कपड्यांत नाही, ती मोजदादीत आहे. किती माणसं आली, किती बरी झाली, सभेचा मांडव केवढा, पाहुणा कुठल्या देशातून आला. घरवापसी करवणाऱ्या दुसऱ्या बाजूलाही तीच मोजदाद चालते: किती जण गेले, किती परत आले. दोघांनाही माणसाच्या मनात काय झालं याच्याशी देणंघेणं नाही. डॉ. आंबेडकरांनी भारतीय ख्रिस्ती समाजाला जो बोचरा प्रश्न विचारला तो या मोजदादीतून सुटत नाही. धर्म बदलला, पण जात गेली का? लग्न ठरवताना पूर्वाश्रमीची जात हळूच विचारणारी ख्रिस्ती घरं आजही आहेत. त्यांचा बाप्तिस्मा एका दिवसात झाला. लक्ष्मीबाईंची पाच वर्षं त्यांच्या वाट्याला यायची आहेत.

मग मोजदादीऐवजी बघायचं काय? नवापूरकडे चिंचपाड्याचं ख्रिस्ती इस्पितळ आहे. कित्येक दशकं भिल्ल, मावची, पाड्यापाड्यांतली माणसं तिथे येतात. इमारतीपेक्षा तिथल्या ओळीकडे बघा: केस पेपर हातात घेतलेल्या बाईला धर्म कोणता ते विचारून पुढे घेतात, की ताप किती ते बघून? श्रद्धा टिकाऊ आहे की नाही, ते अशा ठिकाणी कळतं, डिसेंबरात टांगलेल्या चांदण्यांच्या संख्येवरून नव्हे. बालाजीच्या रथावरच्या रोषणाईबद्दल मला स्वतःलाही हाच प्रश्न विचारावा लागतो. त्याचं माझ्याकडचं उत्तर फारसं सुखावणारं नाही.

दिवाळीच्या सुट्टीत ‘स्मृतिचित्रे’ पुन्हा काढा. विनोद खूप आहे, त्यामुळे पानं भरभर उलटतात. 1895 ते 1900 या काळाची पानं मात्र सावकाश वाचा, आणि ती वाचून होईपर्यंत कुणाच्याही धर्मांतरावर, घरवापसीवर किंवा भक्तीवर मत देऊ नका.